आपल्या विभागाचं मतदान कसं वाचायचं : मुंबईतल्या नवख्यांसाठी

मुंबईत एखाद्या विभागाचं मतदान समजून घ्यायचं तर आधी दोन गोष्टी विचारायच्या. इथले लोक कसल्या घरात राहतात? आणि मतदार यादीत त्यांची नावं त्याच घरावर आहेत का? भाषा, धर्म, जात, वय, उत्पन्न हे सगळं महत्त्वाचं आहे, पण त्याची पाळी नंतर येते. हा क्रम उलटा झाला की "अमुक समाजाने असं केलं" अशी वाक्यं तयार होतात आणि ती तपासायला गेलं की हातात काहीच राहत नाही.

हा लेख नव्या कार्यकर्त्यांसाठी, नागरिक मंचांसाठी, विद्यार्थ्यांसाठी आणि पत्रकारितेत नुकत्याच आलेल्यांसाठी आहे. लागणारं सामान थोडं : एक संगणक, एक्सेलसारखा तक्ता, विभागाचा छापील नकाशा आणि पायी फिरायची तयारी. सुरुवात एकाच प्रभागापासून करा. २०२४ च्या विधानसभेला मुंबईत दहा हजारांच्या वर मतदान केंद्रं होती, म्हणजे एका विधानसभा मतदारसंघात सरासरी २८० आणि पालिकेच्या एका प्रभागाएवढ्या भागात ४०-४५. दोघांनी मिळून नीट करता येईल असं काम एवढंच. थेट अख्खा मतदारसंघ घेणारे बहुतेक जण अर्ध्यावर सोडतात.

हद्दी आधी पक्क्या करा

मुंबईत एका पत्त्यावर निदान चार हद्दी एकमेकींवर बसलेल्या असतात. लोकसभेचे ६ मतदारसंघ, विधानसभेचे ३६ (शहर जिल्ह्यात १० आणि उपनगरात २६), पालिकेचे २२७ प्रभाग आणि पालिकेचे अक्षरी प्रशासकीय विभाग : ए, बी, जी उत्तर, एम पूर्व वगैरे. बोलताना लोक प्रभागालाही वॉर्ड म्हणतात आणि एम पूर्वलाही. तुमच्या तक्त्यात मात्र दोन्हींसाठी वेगळे रकाने ठेवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात आकडे एकमेकांत मिसळतील.

विधानसभेच्या सध्याच्या हद्दी २००८ च्या फेररचनेतून आल्या आणि २००९ पासून लागू आहेत. त्यामुळे २००९ ते २०२४ या काळातल्या लोकसभा-विधानसभा निवडणुकांची मतदारसंघ पातळीवर तुलना करता येते. प्रभागांचं तसं नाही. २०१७ ची निवडणूक २२७ प्रभागांवर झाली, २०२२ मध्ये २३६ प्रभागांची रचना आली आणि रद्द झाली, आणि जानेवारी २०२६ च्या मतदानाआधी २२७ प्रभागांची रचना पुन्हा जाहीर झाली. प्रभागाचा क्रमांक तोच दिसला म्हणून हद्द तीच असेल असं धरू नका. प्रारूप आणि अंतिम प्रभागरचनेत चतुःसीमा शब्दांत लिहिलेली असते : अमुक रस्त्याच्या मध्यापासून उत्तरेकडे, नाल्याच्या कडेने पूर्वेकडे, अशी. ती वाचत नकाशावर बोट फिरवा. कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं यावर उभं आहे.

प्रभागरचनेच्या त्याच कागदांत प्रत्येक प्रभागाची लोकसंख्या, अनुसूचित जातींची आणि अनुसूचित जमातींची लोकसंख्या दिलेली असते. हे आकडे २०११ च्या जनगणनेचे आहेत. त्या वेळी मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ होती, म्हणजे प्रभागामागे सरासरी ५४,८०० च्या आसपास, त्यात दहा टक्के वर-खाली. नवख्याने हाती घ्यायचा पहिला कागद हाच.

कोणते कागद, कुठून

निवडणूक आयोग दोन आहेत. लोकसभा-विधानसभेचं काम भारत निवडणूक आयोगाचं आणि इथे ते मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांमार्फत चालतं. पालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. मतदार मात्र तेच. विधानसभेची यादी एका ठरलेल्या तारखेची घेऊन ती प्रभागांनुसार फोडली जाते. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानासाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. फोडताना हद्दीवरच्या गल्ल्यांमधली नावं शेजारच्या प्रभागात जातात. प्रभागाच्या कडेला असलेल्या केंद्रांचे आकडे म्हणून सर्वांत आधी तपासायचे.

मतदार यादी भागांमध्ये असते आणि साधारणपणे एक भाग म्हणजे एक मतदान केंद्र. पहिल्या पानावर भागात येणाऱ्या वस्त्या, इमारती आणि गल्ल्यांची नावं असतात, केंद्राचा पत्ता असतो, पुरुष, स्त्री आणि तृतीयपंथी मतदारांची संख्या असते. आतल्या पानांवर दर पानी ३० नावं : नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग, एपिक म्हणजे मतदार ओळखपत्राचा क्रमांक. धर्म, जात किंवा मातृभाषा यादीत कुठेही नसते, हे पक्कं लक्षात ठेवा. हजार नावांचा भाग म्हणजे ३४-३५ पानं. यादीची पीडीएफ बहुधा चित्ररूपात मिळते आणि त्यातली अक्षरं मशीनकडून वाचून घेतली तर चुका खूप होतात. वयोगट मोजायचे असतील तर दर तिसरं पान हाताने भरा. एवढा नमुना पुरतो.

दुसरा मोठा कागद फॉर्म २०. मतमोजणीनंतरचं हे अंतिम निकालपत्र. प्रत्येक ओळीत एक केंद्र, प्रत्येक रकान्यात एक उमेदवार, शेवटी नोटा आणि एकूण. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर विधानसभा मतदारसंघानुसार ही पत्रं असतात, लोकसभेचीही विधानसभानिहाय तुकड्यांत मिळतात. पालिकेच्या निवडणुकीचे केंद्रनिहाय आकडे इतके सहज हाती येत नाहीत. त्यासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे किंवा पालिकेच्या निवडणूक विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. शुल्क १० रुपये. अर्जात "प्रभाग क्रमांक अमुक, केंद्रनिहाय व उमेदवारनिहाय मतं, केंद्रनिहाय नोंदलेले मतदार" असं स्पष्ट लिहा. "निवडणुकीची सर्व माहिती" असं लिहिलं की अर्ज फिरत राहतो.

फॉर्म २० मध्ये नवखे दोन जागी अडखळतात. एक, स्कॅन केलेल्या पानांवर ३ आणि ८, १ आणि ७ सारखे दिसतात. म्हणून प्रत्येक ओळीची बेरीज एकूण रकान्याशी जुळवून पाहा आणि प्रत्येक रकान्याची पानाच्या तळाशी. दुसरी गोष्ट टपाली मतांची. ती केंद्रांच्या ओळींत नसतात, शेवटी वेगळी येतात. २०२४ च्या लोकसभेत मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला. तिथे यंत्रांवरच्या मतांत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते आणि टपाली मतं धरल्यावर रवींद्र वायकर ४८ ने जिंकले. केंद्रांच्या ओळींची बेरीज करून कोणी निकाल सांगितला असता तर तो चुकीचा ठरला असता.

तिसरा कागद जनगणनेचा प्राथमिक गोषवारा. त्यात वॉर्डनिहाय कुटुंबं, स्त्री-पुरुष, शून्य ते सहा वयाची मुलं, साक्षर, कामकरी, अनुसूचित जाती-जमाती एवढं मिळतं. जनगणनेचे वॉर्ड आणि पालिकेचे प्रभाग वेगळे आहेत. धर्म आणि मातृभाषेचे आकडे गल्लीच्या किंवा प्रभागाच्या पातळीवर प्रसिद्धच होत नाहीत. तेव्हा "या प्रभागात अमुक टक्के गुजराती" असं कुणी दशांशासह सांगितलं तर तो जनगणनेचा आकडा नाही, कुणाचा तरी अंदाज आहे, एवढं तरी ओळखता आलं पाहिजे.

तक्ता असा मांडा

एका ओळीत एक केंद्र. रकाने : विधानसभा क्रमांक, यादी भाग क्रमांक, केंद्राची इमारत, भागातल्या वस्त्या, घराचा प्रकार, एकूण मतदार, त्यात स्त्रिया, झालेलं मतदान, प्रत्येक मोठ्या उमेदवाराची मतं, नोटा. प्रत्येक निवडणुकीसाठी वेगळं पान ठेवा.

आता खरी मेख. दोन निवडणुकांमध्ये केंद्रांचे क्रमांक बदलतात. मे २०२४ च्या लोकसभेला रांगा आणि उकाड्याच्या तक्रारी झाल्या, म्हणून नोव्हेंबरच्या विधानसभेआधी मुंबईत केंद्रांची फेररचना झाली. मोठे भाग फोडले गेले, काही केंद्रं सोसायट्यांच्या आवारात आली. पुढे २०२५ मध्ये आयोगाने केंद्रामागे कमाल १,२०० मतदारांची मर्यादा घातली, त्यामुळे आणखी बदल होणार. मे महिन्यातला भाग ११२ आणि नोव्हेंबरचा भाग ११२ सरळ शेजारी मांडले तर दोन वेगळ्या वस्त्यांची तुलना होईल आणि तक्ता मात्र व्यवस्थित दिसेल.

यावर उपाय असा की तुलना केंद्राची करू नका, वस्त्यांच्या गठ्ठ्याची करा. दोन्ही याद्यांची पहिली पानं शेजारी ठेवा, वस्त्यांची आणि इमारतींची नावं जुळवा, आणि ज्या केंद्रांच्या वस्त्या मिळून तोच परिसर होतो त्यांची बेरीज एका ओळीत करा. एका शाळेतल्या पाच-सहा खोल्यांमधली केंद्रं एकत्र केली तर पुष्कळदा जुळणी होऊन जाते. पंचेचाळीस केंद्रांचे असे बारा-पंधरा गठ्ठे उरतात. अभ्यासासाठी तेवढे पुरेसे आहेत, आणि छोट्या केंद्रांतले योगायोगाचे चढउतारही त्यात विरून जातात.

घराचा प्रकार : इथे वेळ द्या

आता तक्ता घेऊन फिरायला निघा. प्रत्येक गठ्ठ्यापुढे घराचा मुख्य प्रकार लिहायचा आहे. मुंबईत हा रकाना इतर कुठल्याही रकान्यापेक्षा जास्त बोलतो, कारण घराच्या प्रकारातच उत्पन्न, स्थलांतर, भाड्याने राहणं, पुनर्विकास आणि यादीची अवस्था हे सगळं अडकलेलं असतं.

जुन्या चाळी आणि उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारती : गिरगाव, लालबाग, परळ, शिवडी, नायगाव. कुटुंब डोंबिवलीला किंवा विरारला गेलं तरी आजोबांच्या खोलीवर चार-पाच नावं राहतात. यातले काही मतदानाच्या दिवशी मुद्दाम येतात, बरेच येत नाहीत. यादी फुगलेली आणि टक्का पडलेला दिसतो, पण खोलीत प्रत्यक्ष राहणाऱ्यांचं मतदान चांगलं असू शकतं. २००१ ते २०११ मध्ये शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली. याद्या त्या वेगाने कमी झाल्या का, हा प्रश्न प्रत्येक चाळीपुढे विचारा.

झोपडपट्टी : २०११ मध्ये मुंबईची साधारण ४२ टक्के लोकसंख्या इथे होती. केंद्र जवळ असतं, ओळखीचे कार्यकर्ते दारावर पावत्या आणून देतात, आणि पाणी, संडास, पाडकामापासूनचं संरक्षण यांचा नगरसेवकाशी आणि आमदाराशी थेट संबंध असतो. त्यामुळे मतदानाची ओढ जास्त. त्याच वेळी घर क्रमांकांचा गोंधळ, वस्ती तुटल्यावर उडालेली नावं आणि मजुरी बुडण्याची भीती टक्का खाली ओढतात. "झोपडपट्टीत मतदान जास्तच" हा नियम समजू नका. मानखुर्द आणि गोवंडीचे आकडे वेगळी गोष्ट सांगतात.

एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या, इमारती : यादीत पत्ता अजून "अमुक नगर झोपडपट्टी" असाच असतो आणि प्रत्यक्षात तिथे सात किंवा बावीस मजले उभे असतात. मूळ रहिवासी संक्रमण शिबिरात, भाडं घेऊन दुसरीकडे, किंवा घर भाड्याने देऊन गावी. इमारत उभी राहण्याच्या मधल्या वर्षांतली निवडणूक असेल तर त्या ओळीपुढे खूण करा. तिथला टक्का लोकांच्या उत्साहाचा पुरावा म्हणून कधीही वापरू नका.

टॉवर आणि नवी संकुलं : घर नवं, पण नाव जुन्या पत्त्यावर. भाडेकरू पत्ता बदलत नाहीत. सुट्टीला लागून मतदान आलं की बाहेरगावी जाण्याची ऐपत असते. यादीत ज्यांचं नाव त्याच इमारतीवर आहे त्यांचाच टक्का काढला तर चित्र पुष्कळदा अनपेक्षित निघतं. मिल जमिनींवरचे टॉवर आणि शेजारची चाळ एकाच केंद्रात असेल तर त्या केंद्राला "मिश्र" लिहा आणि त्यावरून दोघांबद्दल काहीही म्हणू नका.

म्हाडा वसाहती, म्हणजे कन्नमवार नगर, चारकोप, नेहरू नगर यांसारख्या, मध्यमवर्गी आणि स्थिर, पण आता इमारतीगणिक पुनर्विकासाला निघालेल्या. सरकारी आणि रेल्वे क्वार्टर्समध्ये बदली-निवृत्तीनंतर नावं मागे राहतात. कोळीवाडे आणि गावठाणं, वरळी, वर्सोवा, खार दांडा, मढ : कुटुंबं पिढ्यांची, यादी तुलनेने स्वच्छ, टक्का स्थिर. तुमच्या प्रभागात गावठाण असेल तर त्याचा टक्का मोजपट्टी म्हणून वापरा. यादी ठीक असताना इथे किती मतदान होतं याचा अंदाज त्यावरून येतो.

टक्का काढताना छेद तपासा

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला कुलाब्यात ४४ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं आणि भांडुप पश्चिमला ६१ टक्क्यांच्या. दोन्ही मुंबईच, दोन्ही त्याच दिवशी. या फरकात उदासीनता किती आणि यादी किती, हे वेगळं करता येणं हेच या विषयातलं मुख्य कौशल्य.

समजा एका केंद्रात १,१५० मतदार आणि ५३० मतं पडली. टक्का ४६. आता केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, आणि सोसायटीचे किंवा चाळ कमिटीचे पदाधिकारी यांच्यासोबत यादी वाचली आणि १४० नावं मृत, कायमची बाहेर गेलेली किंवा दुबार निघाली. छेद झाला १,०१०, टक्का ५२.५. एकही मत न वाढता जवळजवळ साडेसहा टक्क्यांचा फरक. प्रत्येक प्रकारच्या घरांमधून निदान दोन केंद्रांची अशी तपासणी करा आणि तक्त्यात टक्क्याचे दोन आकडे लिहा : यादीवरचा आणि तपासलेला.

यादीची तब्येत पाहायच्या झटपट खुणाही आहेत. ऐंशीच्या वरची नावं शेजारच्या भागांच्या दुप्पट असतील तर मृतांची वगळणी झालेली नाही. १८-१९ वयाची नावं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी असतील तर नोंदणीच झालेली नाही. ही मुलं टक्क्यात दिसतच नाहीत, कारण ती छेदातही नाहीत आणि अंशातही नाहीत. स्त्रियांचं प्रमाण पाहा. २०११ मध्ये हजार पुरुषांमागे शहरात ८३२ आणि उपनगरात ८६० स्त्रिया होत्या. यादी त्याच्या खूप खाली असेल तर एक तर गाळे-कारखान्यांत राहणारे एकटे पुरुष जास्त आहेत, किंवा लग्न होऊन आलेल्या मुलींची नावं अजून माहेरच्या पत्त्यावर आहेत. कोणतं कारण, ते गल्लीत विचारल्याशिवाय कळणार नाही.

दुबार नावांबद्दल एक इशारा. पालिका निवडणुकीच्या यादीत राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले होते. संभाव्य हा शब्द महत्त्वाचा. एकाच नावाची, बापाचंही नाव सारखं असलेली दोन माणसं मुंबईत सहज सापडतात. फोटो आणि वय जुळल्याशिवाय कुणाला दुबार ठरवून फॉर्म ७ (नाव वगळण्याचा अर्ज) भरू नका, एखाद्याचा हक्क जाईल.

टक्क्यावर तारखेचाही परिणाम असतो. २९ एप्रिल २०१९, २१ ऑक्टोबर २०१९ आणि २० मे २०२४ ही तिन्ही मतदानं सोमवारी झाली. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी. मे महिन्यात कोकणातला चाकरमानी गावी असतो, उत्तर भारतीय कुटुंबंही शाळांच्या सुट्टीत गावाकडे असतात. नोव्हेंबर २०२४ चं मतदान आयोगाने मुद्दाम बुधवारी ठेवलं. मे आणि नोव्हेंबरच्या टक्क्यातला फरक एखाद्या समाजाच्या मूडवर लावण्याआधी हे कॅलेंडर उघडा.

आणि लढत आहे की नाही तेही पाहा. ३ नोव्हेंबर २०२२ च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत भाजपने उमेदवार मागे घेतल्यावर मतदान ३२ टक्क्यांच्याही आत राहिलं आणि नोटा १२,८०६ मतांनी दुसऱ्या क्रमांकावर आला. वस्ती तीच होती, लोक तेच होते. लढत उरली नव्हती.

समाज आणि भाषा : आडनावांच्या भरवशावर राहू नका

यादीवरून समाज ओळखायचा सगळ्यांचा ठरलेला मार्ग म्हणजे आडनाव. पक्षांचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं हेच करतात आणि ढोबळ अंदाजाला ते चालतंही. पण पाटील मराठा असेल, आगरी असेल, कोळी असेल, कुणबीही असेल. जोशी मराठी, गुजराती किंवा कुमाऊंचे. शाह हे आडनाव गुजराती जैनांचं, हिंदूंचं आणि मुस्लिमांचंही. पटेल तसंच, त्यात पारशीही. देसाई मराठीही आणि गुजरातीही. डिसोझा गोव्याचे, मंगळूरचे किंवा इथलेच ईस्ट इंडियन, आणि या तिघांचं राजकारण एक असेल असं काही नाही. कांबळे दिसले की सरसकट बौद्ध लिहिणाऱ्यांचा तक्ता तर पहिल्याच पानावर चुकतो. आडनावावरून काढायचंच असेल तर तीन गट ठेवा : नक्की, बहुधा, सांगता येत नाही. तिसरा गट चौथ्या हिश्शापेक्षा मोठा झाला तर त्या केंद्राचा हा रकाना कोराच सोडा.

आता सर्वांत मोठी चूक, जी अनुभवी मंडळीही करतात. समजा एका केंद्रात १,००० मतदार, ६०० एका समाजाचे, ४०० दुसऱ्या. मतदान ५२० : पहिल्या समाजातले २४०, दुसऱ्यातले २८०. एका उमेदवाराला ३०० मतं. "पहिला समाज साठ टक्के, उमेदवाराला जवळपास अठ्ठावन्न टक्के, म्हणजे त्यांनीच दिली." असं असू शकतं : पहिल्यांची सगळी २४० आणि दुसऱ्यांची ६०. पण याच आकड्यांत हेही बसतं : दुसऱ्यांची सगळी २८० आणि पहिल्यांची फक्त २०. फॉर्म २० या दोन्हींत फरक करू शकत नाही. मिश्र केंद्रावरून समाजाचा कल सांगता येत नाही, कितीही मोह झाला तरी.

ज्या केंद्रात एकच समाज नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे तिथे मात्र मर्यादा बांधता येतात. १,००० मतदार, ९०० एका समाजाचे, मतदान ५००, उमेदवाराला ४००. उरलेले शंभरच्या शंभर आले आणि सगळ्यांनी यालाच मत दिलं असं धरा. तरीही या समाजाच्या ४०० पैकी ३०० मतं, म्हणजे ७५ टक्के, त्याला गेली. त्या शंभरांनी दुसऱ्याला दिली असतील तर या समाजाची शंभर टक्के. उत्तर लिहायचं ते "७५ ते १००" असं. पट्टा रुंद वाटेल, पण तो खरा आहे. वर एक बंधन : नव्वद टक्के एकाच समाजाच्या मोहल्ल्यात राहणारा माणूस आणि मिश्र सोसायटीत राहणारा त्याच समाजाचा माणूस यांचं मत सारखं असेलच असं नाही. मोहल्ल्यावरून काढलेला निष्कर्ष मोहल्ल्यापुरताच ठेवा.

वयोगटाबद्दल एवढंच : फॉर्म २० मध्ये वयही नसतं, लिंगही नसतं. मतदानाचं स्त्री-पुरुष प्रमाण मतदारसंघ पातळीवर मिळतं. "आमच्या गल्लीत तरुणांनी साठ टक्के मतदान केलं" असं कोणी म्हणालं तर तो आकडा पोलिंग एजंटच्या खुणा केलेल्या यादीतून आला आहे का, ते विचारा.

आघाडी कुठून येते

मतांची टक्केवारी काढताना दोन रकाने ठेवा : झालेल्या मतांपैकी किती आणि एकूण मतदारांपैकी किती. एखाद्या उमेदवाराची टक्केवारी ४० वरून ५० झाली, पण मतदानच घटलं असेल तर त्याला नवी मतं मिळालेली नाहीत, दुसऱ्याची घरी बसली आहेत. दुसरा रकाना नसला तर हे दिसत नाही.

आघाडी कशी बनते ते २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर पूर्वमध्ये नीट पाहता येतं. मुलुंड आणि घाटकोपर पूर्वने मिहिर कोटेचा यांना आघाडी दिली, मानखुर्द-शिवाजीनगरने एकट्याने संजय दिना पाटील यांना त्यातल्या कोणत्याही एकापेक्षा मोठी, आणि पाटील २९ हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. मानखुर्दचा टक्का मुलुंडपेक्षा बराच कमी होता. आघाडी ठरते ती मतदारसंख्या, टक्का आणि एकतर्फीपणा या तिन्हींच्या गुणाकाराने. नुसता टक्का बघून "जास्त उतरले ते जिंकले" म्हणणं इथे सपशेल चुकतं. तुमच्या बारा-पंधरा गठ्ठ्यांसाठी हेच करा : प्रत्येक गठ्ठ्याची आघाडी मतांत लिहा आणि मोठ्यापासून लहानाकडे लावा. बहुतेक प्रभागांत निकाल ठरवणारे गठ्ठे तीन किंवा चारच निघतात.

पक्षांची जुनी नावं जुन्या अर्थाने वापरू नका. २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. २०१७ चा "शिवसेना" रकाना २०२४ च्या कोणत्याही एका रकान्याशी थेट जोडता येत नाही. उमेदवाराचं नाव ठेवा, शेजारी पक्ष. पालिकेत तर उमेदवारच निम्मी गोष्ट असतो, गल्लीत पाण्याची लाइन आणणारा माणूस दुसऱ्या पक्षात गेला की काही मतं त्याच्यासोबत जातात.

काय करायचं नाही

मतदान गुप्त असतं, पण केंद्रनिहाय निकाल जाहीर होत असल्याने एखाद्या छोट्या वस्तीने कुणाला दिलं हे जवळपास उघड होतं. अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणाऱ्या टोटलायझर यंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने याच कारणासाठी दिला होता, तो अमलात आलेला नाही. तेव्हा जबाबदारी तुमच्यावर येते. ज्या वस्तीला पाणी किंवा पुनर्वसन यांसाठी नगरसेवकावर अवलंबून राहावं लागतं, तिच्या नावानिशी "यांनी विरोधात मतं दिली" असा तक्ता व्हॉट्सअ‍ॅपवर सोडणं म्हणजे त्या लोकांना धोक्यात घालणं. प्रसिद्ध करायचं ते गठ्ठ्यांच्या पातळीवर. नावांच्या पुढे समाज लिहिलेली यादी कुणालाही देऊ नका, स्वतःकडेही काम संपल्यावर ठेवू नका.

प्रचारासाठी वापरणाऱ्यांनी कायदाही जाणून घ्यावा. धर्म, जात, भाषा यांच्या नावाने मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) खाली भ्रष्ट आचार आहे. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने त्याचा अर्थ आणखी रुंद केला : उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचाही धर्म किंवा जात पुढे करून मत मागता येत नाही. तो खटला मुंबईच्याच सांताक्रूझ मतदारसंघातून, १९९० च्या निवडणुकीवरून निघाला होता.

तक्ता कामाला लावताना

तपासलेला टक्का आणि यादीवरचा टक्का यांत जिथे मोठं अंतर आहे तिथे यादी दुरुस्तीचं काम आहे. जिथे दोन्ही कमी आहेत तिथे लोकांना केंद्रापर्यंत आणायचं. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि वेळाही वेगळ्या.

यादीसाठी : नवी नोंदणी फॉर्म ६, पत्ता बदल आणि दुरुस्ती फॉर्म ८. वर्षात चार पात्रता तारखा (ज्या दिवशी १८ वर्षं पूर्ण असावी लागतात) आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. टॉवर आणि एसआरए इमारतींत फॉर्म ८ चं शिबिर रविवारी सकाळी सोसायटीच्या कार्यालयात लावा. पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरूंकडे नोंदणीकृत करार असतो, पण तो आणायला सांगावा लागतो, आदल्या दिवशी तसा निरोप द्या. पालिका निवडणुकीसाठी यादीची तारीख मतदानाच्या कितीतरी आधी गोठते, वर १ जुलै आणि १५ जानेवारीचं उदाहरण आलंच आहे. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

केंद्रापर्यंत आणण्यासाठी : ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना लोकसभा-विधानसभेत फॉर्म १२ डी भरून घरून मतदान करता येतं, अधिसूचनेनंतर पहिल्या पाच दिवसांत अर्ज द्यावा लागतो. चाळींतून बाहेर गेलेल्यांसाठी चाळ कमिटीकडून फोन क्रमांक मिळवून आठवडाभर आधी केंद्राचा नवा पत्ता कळवा, कारण जुन्या शाळेत जाऊन "नाव नाही" म्हणून परतणारे दर निवडणुकीत असतात. मजुरांच्या वस्तीत लोकसभा-विधानसभेला सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सहा याच वेळा हाताशी असतात, दुपारी पावत्या वाटून काही होत नाही.

तक्ता पुन्हा कधी करायचा? केंद्रांची प्रत्येक फेररचना झाल्यावर गठ्ठे नव्याने जुळवा. जनगणनेची लोकसंख्या मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये होणार आहे आणि तिच्यात जातीचीही नोंद असेल. तिचे वॉर्डनिहाय आकडे आले की २०११ चा रकाना पुसू नका, नवा शेजारी लावा. सोळा वर्षांत तुमच्या प्रभागातून कोण गेलं आणि कोण आलं ते त्या दोन रकान्यांतल्या फरकात दिसेल, आणि यादी त्या बदलाच्या किती मागे आहे तेही मोजता येईल.